ज्वारी, कडब्यासहित



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला ‘भरडधान्यांचे महत्त्व’ असा विषय दिला होता. त्यांच्या परवानगीने तो मी आवळून घेतला आहे. बाजरी, नाचणी, वरी, राळा, कोद्रा या सगळ्यांवर एका संध्याकाळी बोलायचं म्हटलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन कौतुकाचे शब्द येतील आणि हाती काही लागणार नाही. म्हणून आज मी मुख्यतः रब्बी ज्वारीबद्दल, आपल्या शाळूबद्दल बोलणार आहे. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगरचा पूर्व भाग आणि सांगलीचे दुष्काळी तालुके हा या पिकाचा मुलूख. याच मुलखात कोरडवाहू शेतीच्या कामात माझी उमर गेली. बाकीची धान्यं गरज पडेल तशी येतील.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्याचा प्रस्ताव भारताने मांडला, ७२ देशांनी पाठिंबा दिला आणि मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव संमत केला. २०२३ च्याच केंद्रीय अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्रीअन्न’ म्हटलं गेलं. त्यानंतर शहरांतल्या दुकानांत ज्वारीचे पोहे, नाचणीची बिस्किटं, बाजरीच्या शेवया दिसू लागल्या. मला त्याचा आनंदच आहे. पण दुसरीकडे पेऱ्याचे आकडे पाहिले की काळजी वाटते. १९६० च्या दशकात देशात ज्वारी सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरांवर होती, आज ती ४० लाख हेक्टरांच्या आसपास आहे. महाराष्ट्रात १९८० च्या सुमारास खरीप आणि रब्बी मिळून ६० लाख हेक्टरांच्या वर ज्वारी होती. त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा आज उरला आहे. गुणगान वाढतंय आणि पेरा घटतोय.

मला आज एवढंच मांडायचं आहे. ज्वारीचे शरीराला होणारे फायदे आणि जमीन-पाण्याला होणारे फायदे एकाच व्यवस्थेतून येतात. त्या व्यवस्थेत काळी जमीन आहे, जनावरं आहेत, कडबा आहे, ज्वारीच्या ओळींमधली करडई आहे, आणि रोज भाकरी थापणारे हात आहेत. या व्यवस्थेतून दाणा तेवढा उचलून पाकिटात भरला, तर यातले बरेचसे फायदे मागेच राहतात. आणि ही व्यवस्था आज मोडते आहे ती दोन ठिकाणी, काढणीच्या वेळी रानात आणि भाकरीच्या वेळी चुलीपाशी. दोन्ही ठिकाणी प्रश्न कष्टांचा आहे आणि दोन्हीकडचे कष्ट बहुतांशी बायकांचे आहेत.

आधी रानात जाऊ.

रब्बी ज्वारी पावसावर पेरतात आणि पाऊस संपल्यावर पिकवतात. सोलापूरकडे जून-जुलैच्या पावसाचा भरवसा नसतो. खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्ताचा. भारी काळी जमीन तो पाऊस पिऊन घेते आणि त्या ओलीवर पुढचे चार महिने पीक उभं राहतं. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान. लवकर पेरलं तर खोडमाशी येते, पोंगेमर होते. उशीर झाला तर ओल उडते. दोन चाड्यांच्या पाभरीने बी आणि खत एकदम पडतं, आणि मग कोळपणी सुरू होते. ही कोळपणी तणासाठी असते असं पुष्कळांना वाटतं. ती त्याहून मोठ्या कामासाठी असते. काळी माती वाळली की आक्रसते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने माती हलवायची आणि भेगा बुजवायच्या. वर भुसभुशीत मातीचा थर राहतो आणि खालची ओल पिकाला मिळते. पाण्याचा एक थेंब वरून न देता केलेलं हे पाण्याचं नियोजन आहे. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. ना. वि. कानिटकरांसारख्या शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांच्या या पद्धती मोजल्या, तपासल्या आणि त्यांना शास्त्राची बैठक दिली. त्या कामाची आठवण आज फार थोड्यांना आहे याचं मला वाईट वाटतं.

ज्वारीच्या ताटाची घडणही या मुलखाला साजेशी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी ही पिकं हवेतला कार्बन ज्या पद्धतीने घेतात तिला शास्त्रात सी-४ म्हणतात. गहू आणि भात सी-३ गटातले. फरक असा की सी-४ पीक पानांची रंध्रं कमी उघडूनही पुरेसा कार्बन मिळवतं. रंध्रं कमी उघडली की पाणी कमी उडतं. कडक उन्हातही या पिकांचं काम मंदावत नाही. त्यात ज्वारीच्या पानावर मेणाचा पांढुरका थर असतो, ताण पडला की पान गुंडाळून घेतं, वाढ थांबवून पीक तग धरतं आणि एखादी सर आली की पुन्हा चालू लागतं. काळ्या रानातल्या गव्हाला पाच-सहा पाणी लागतात. शाळू एकाही पाण्याशिवाय येतो, आणि पोटरीत असताना एक संरक्षित पाणी मिळालं तर उत्पन्न चांगलंच वाढतं.

उसाशी तुलना केल्याशिवाय सोलापुरात हा विषय पुरा होत नाही. उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं. ज्या जिल्ह्यात पाऊसच साधारण साडेपाचशे मिलिमीटर पडतो, तिथे हे पाणी धरणातून आणि भूगर्भातून काढावं लागतं. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. त्याला कारखान्याचं हमखास गिऱ्हाईक आहे, दर कायद्याने ठरलेला आहे, रान राखायला गोफण घेऊन बसावं लागत नाही. ज्वारीला यातलं काहीच नाही. शेतकरी हिशेब नीट करतो. हिशेबाची मांडणी आपण, म्हणजे समाजाने आणि सरकारने, एका बाजूला झुकवून ठेवली आहे.

याच प्रश्नावर २०१८ साली कोलंबिया विद्यापीठातल्या काईल डेव्हिस यांनी सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारतात ज्या जिल्ह्यांत भाताला फार पाणी लागतं, तिथे भाताऐवजी मका, नाचणी, बाजरी किंवा ज्वारी यांपैकी सर्वांत कमी पाणी लागणारं पीक घेतलं तर काय होईल, याचं गणित त्यांनी मांडलं. सिंचनाच्या पाण्याची गरज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी होते आणि देशाच्या धान्यातून मिळणारं लोह २७ टक्क्यांनी, जस्त १३ टक्क्यांनी वाढतं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे कागदावरचं गणित आहे, उद्या सकाळी कोणी भात सोडणार नाही. तरी पाणी आणि पोषण या दोन्ही बाबतींत दिशा एकच निघते, हे महत्त्वाचं. शिवाय भातखाचरात पाणी साचून राहिल्याने मिथेन निघतो. ज्वारीच्या कोरड्या रानात तो प्रश्न उद्भवत नाही.

आता कडबा. शहरातल्या माणसाला हा गौण भाग वाटतो. शेतकऱ्याच्या लेखी तो पिकाचा अर्धा हिस्सा आहे. आपल्या भागात रब्बी ज्वारीचा उतारा हेक्टरी दहा क्विंटलच्या आसपास घुटमळतो. पण त्या दाण्याच्या दुपटीहून जास्त वजनाचा कडबा मिळतो आणि दुष्काळी साली कडब्याचे पैसे धान्याच्या बरोबरीने होतात. मालदांडी इतकी वर्षं टिकली ती याच कारणाने. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक वाणांतून निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण. त्यानंतर फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा, परभणी मोती असे अनेक सुधारित वाण आले, चांगले आहेत, तरी शेतकरी मालदांडीचं नाव सोडत नाही. उंच ताट, गोडसर आणि पालेदार कडबा, मोत्यासारखा दाणा. धान्य जास्त देणारं बुटकं वाण त्याच्या दृष्टीने अर्धं पीक गमावणारं वाण असतं.

कडब्यातून दूध येतं, शेण येतं, शेणखत त्याच रानात जातं. आता कडबा नसला की काय होतं ते २०१३ आणि २०१९ च्या चारा छावण्यांत आपण पाहिलं. जनावरांपुढे ऊस आणि उसाचे वाढे टाकले गेले. वाढ्यांत ऑक्झॅलेट जास्त असतं, ते जनावराच्या अंगातल्या कॅल्शियमला बांधून टाकतं. पोट भरतं, जनावर मात्र खंगतं. पूर्वी चांगल्या सालचा कडबा गंज लावून पुढच्या वाईट सालासाठी राखून ठेवत. धान्य पेवात आणि कडबा गंजीत, असा दोन वर्षांचा विमा प्रत्येक बऱ्यापैकी घराचा असे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी खुली केली अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. ती कथा याच गावाची असावी यात मला नवल वाटत नाही. मंगळवेढ्याला आजही ज्वारीचं कोठार म्हणतात आणि २०१६ पासून मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे.

या राखीव साठ्याची सवय मोडली त्याला १९७२ चा दुष्काळ हे एक मोठं वळण आहे. सभागृहातल्या ज्येष्ठांना लाल मिलो आठवत असेल. अमेरिकेत जनावरांच्या खाद्यासाठी पिकणारी ती ज्वारीच होती. तिच्या भाकरीचा रंग, तिचा उग्र वास, खडी फोडण्याच्या कामावर मिळणारी सुकडी, हे त्या पिढीच्या मनातून जात नाही. देशात सर्वांत जास्त ज्वारी पिकवणाऱ्या मुलखाने त्या वर्षी परदेशी ज्वारीवर दिवस काढले. त्यानंतरच्या वर्षांत सिंचन वाढलं, गहू वाढला, रेशनच्या दुकानातून गहू आणि तांदूळ घरोघर पोचले. लोक उपाशी राहिले नाहीत, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या सरकारने कधीकाळी लेव्हीने ज्वारी खरेदी केली होती, त्याच्या खरेदीत पुढे ज्वारी जवळजवळ उरली नाही. खरिपातल्या ज्वारीची गोष्ट आणखी वेगळी. १९६४ साली पहिलं संकरित वाण सीएसएच-१ आलं, उत्पन्न खूप वाढलं, पण लवकर तयार होणारी ही ज्वारी परतीच्या पावसात सापडायची, दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडायचा आणि बाजारात मातीमोल व्हायचा. विदर्भ-मराठवाड्यातली खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली ती अशी.

आता ताटाकडे येतो. इथे मला थोडं सावधपणे बोलायचं आहे, कारण ज्वारी-बाजरीच्या नावाने सध्या जे खपवलं जातं त्यातलं सगळं खरं नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांतल्या पोषकद्रव्यांची कोष्टकं प्रसिद्ध केली. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असतं. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात प्रथिनं ८ ग्रॅमच्या आसपास, तंतू ३ ग्रॅमच्या आत आणि लोह १ मिलिग्रॅमही नाही. बाजरीत लोह ६ मिलिग्रॅमच्या वर आहे. नाचणीत कॅल्शियम ३६० मिलिग्रॅमच्या पुढे, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. भात आणि मैद्याच्या तुलनेत ही धान्यं सरस आहेत, यात वाद नाही. पण चक्कीवर दळलेल्या, कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठाशी तुलना केली तर प्रथिनं, तंतू, लोह यांत ज्वारी साधारण बरोबरीची ठरते. गव्हाची पोळी खाणाऱ्याला उगीच घाबरवू नये. ज्यांना ग्लूटेन सोसत नाही त्यांच्यासाठी ज्वारी वरदान आहे, ती गोष्ट निराळी. गव्हापेक्षा ज्वारीची बाजू भक्कम होते ती पाण्याच्या आणि जमिनीच्या हिशेबात, आणि तो हिशेब पोषणाच्या कोष्टकात छापलेला नसतो.

मधुमेहाचंही तसंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. २०२१ साली इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या आणि इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी ११ देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. भरडधान्यांचा सरासरी ग्लायसेमिक निर्देशांक ५२.७ निघाला, म्हणजे पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा आणि मैद्यापेक्षा बराच कमी. हे आशादायक आहे. पण हा गुण धान्य कसं खाल्लं जातं यावरही अवलंबून असतो. जाडसर ज्वारीची भाकरी पालेभाजी आणि डाळीसोबत खाणं वेगळं, आणि नाचणीच्या बारीक पिठाची साखर घातलेली पातळ लापशी वेगळी. ती लापशी रक्तातली साखर भराभर वाढवू शकते. कोंडा काढून पांढरी केलेली वरी किंवा साखर-मैद्यात कालवलेलं थोडंसं ज्वारीचं पीठ, यांना पाकिटावरच्या चित्राने पौष्टिकपणा येत नाही. खरेदी करताना पाकिटाची मागची बाजू वाचा, एवढं मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक गोष्ट ज्वारीवर प्रेम करणाऱ्याने लपवू नये. १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया हैदराबादला पेलाग्रा या रोगावर काम करत होते. त्वचा काळवंडून सोलते, जुलाब होतात, पुढे मनावरही परिणाम होतो असा तो रोग. दख्खनमधल्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो आढळत होता. ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाचं जास्त प्रमाण नायसीनच्या वापरात आडवं येतं, अशी त्यांची मांडणी होती. त्या मांडणीवर पुढे पुष्कळ चर्चा झाली. पण रोग कोणाला होत होता ते विसरता येत नाही. ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय काहीच नव्हतं त्यांना. भाकरीशेजारी पिठलं, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी आणि वाटीभर ताक असलं, की ज्वारीत जे उणं आहे, विशेषतः लायसीन, ते डाळी आणि दूध भरून काढतात. आणि हे ताट ज्या रानातून येतं ते रानही तसंच पेरलेलं असतं. शाळूत करडईचे पट्टे, बांधाकडेला करडईचीच काटेरी ओळ म्हणजे मोकाट जनावर आत शिरत नाही, शेजारच्या तुकड्यात हरभरा, खरिपात बाजरीत तूर. धान्य, डाळ आणि तेल एकाच शिवारात. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडच्या शेतात गेलात तर हे सगळं एका पंगतीत दिसतं. कडब्याच्या कोपीपुढे पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, खिचडा आणि माठातली आंबील. त्या भज्जीत रानातल्या जेवढ्या शेंगा आणि भाज्या मिळतील तेवढ्या असतात. आहारशास्त्राचं पुस्तक याहून वेगळं काही सांगत नाही.

लोहाचा प्रश्न तर आपल्या घरातला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. धान्यातलं लोह सगळंच्या सगळं अंगी लागत नाही, फायटेट त्याला धरून ठेवतं. मोड आणणं, आंबवणं, सोबत लिंबू किंवा आवळा खाणं यांनी ते सुटं होतं. आपल्या आंबिलीत आणि नाचणीच्या सत्वात हेच घडतं. संशोधकांनी दुसरी वाटही धरली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅटने मिळून ‘धनशक्ती’ ही जास्त लोहाची बाजरी दिली, परभणीच्या विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ ही जास्त लोह-जस्ताची ज्वारी दिली. आपल्याच राज्यातल्या १२ ते १६ वयाच्या शाळकरी मुलामुलींना अशा लोहयुक्त बाजरीच्या भाकरी देऊन पाहिल्या गेल्या, आणि चार महिन्यांत त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळी आणि इंजेक्शनाशिवाय, रोजच्या भाकरीतून हे झालं. ही वाणं घराघरात का पोचली नाहीत, हा प्रश्न मला सतत छळतो.

आता ज्या दोन ठिकाणी ही व्यवस्था मोडते त्यांकडे वळतो.

फेब्रुवारीत शाळू काढणीला येतो. आपल्या भागात ताट विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे कडब्याची वीतभरही नासाडी होत नाही आणि पुढच्या मशागतीला धसकटं आडवी येत नाहीत. पण तोवर काळी जमीन दगडासारखी झालेली असते. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी ताट धरून, एक हिसका. मूळ जमिनीतून निघताना कट्ट असा आवाज होतो. मुळाची माती पायावर झटकायची, ताट आडवं टाकायचं, पुढचं धरायचं. पानांच्या कडा हातांना चिरतात, कूस अंगाला चिकटते आणि दिवसभर खाजते. तळहाताला फोड येतात म्हणून बाया चिंध्या बांधून घेतात. पातीने उपटत जायचं, दोन-चार दिवस वाळू द्यायचं, मग पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, खळ्यावर न्यायची. मळणीला यंत्र आलं, म्हणून तेवढं काम हलकं झालं. उपटणीला मात्र अजून हातच लागतात. भाताच्या धर्तीवरचं मोठं हार्वेस्टर कणसं घेतं आणि कडबा तुडवतं, म्हणजे निम्मं पीक पायदळी. या कामाला आता माणूस मिळत नाही. मिळालं तर मजुरीत धान्य जातं. ज्वारी का सोडली असं विचारलं तर दहातले आठ शेतकरी आधी भावाचं नाव घेत नाहीत, काढणीचं घेतात. चांगल्या शाळूला बाजारात हमीभावाहून जास्त दर मिळतो. २०२३-२४ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,२२५ रुपये होता आणि पुष्कळांनी त्याहून बरीच वर विकली. तरीही पेरा वाढला नाही. ताट उपटून किंवा बुडातून कापून, कडबा न मोडता पेंढ्या बांधणारं, दोन-तीन एकरवाल्याला भाड्याने परवडणारं यंत्र, हा या पिकाचा आजचा पहिला प्रश्न आहे. त्यावर प्रयोग चालू आहेत. त्याला जेवढा पैसा आणि जेवढी माणसं लागायला हवीत तेवढी लागलेली नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं ठिकाण चुलीचं. गव्हाच्या कणकेला ग्लूटेन धरून ठेवतं, कणीक तिंबून ठेवली तरी चालते, पोळपाटावर लाटता येते. ज्वारीच्या पिठात ते नाही. म्हणून पाण्याला आधण यावं लागतं. परातीत पिठाचा खळगा करून त्यात उकळतं पाणी ओतलं की थोडा स्टार्च शिजतो आणि तोच पिठाला बांधून ठेवतो. मग तळहाताच्या टाचेने रगडायचं, एका भाकरीपुरता गोळा घ्यायचा, परातीत थापत थापत फिरवायचा, कडेला चीर पडू द्यायची नाही. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाणी फिरवायचं, ते पुरतं सुकायच्या आत उलटायची, मग निखाऱ्यावर उभी धरून शेकायची. पापुद्रा सुटला, भाकरी फुगली, की जमली. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना फाटते. बाजरीचं पीठ तर स्निग्धांशामुळे आठवडाभरातच कडवट होऊ लागतं. म्हणजे दळण थोडं थोडं, वारंवार. पाच माणसांच्या घरात दोन वेळच्या भाकरी म्हणजे उभ्याने दोन तास. नोकरीवरून किंवा रानातून आलेल्या बाईने हे रोज करावं आणि आपण पंगतीत बसून भाकरीची महती सांगावी, हे मला पटत नाही. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी भाकरी शिकावी हा एक उपाय, आणि तो आजपासून करता येण्यासारखा आहे. दुसरा उपाय सोलापूरच्या बायकांनी आधीच दाखवला आहे. बचत गटांतून त्यांनी कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकेल अशी करून शेंगाचटणीसोबत गावोगाव पोचवली. पिठात काही मिसळलं नाही, चव बदलली नाही, आणि पैसा त्यांच्या हाती आला. बाजारातल्या सगळ्या नव्या पदार्थांत मला ही कडक भाकरी सगळ्यांत मोलाची वाटते.

शेवटी रेशनचं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो, असे तिन्ही दर लिहिलेले होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झालं. कायद्यात भरडधान्याला जागा आहे. तरी आपल्या बहुतेक रेशन दुकानांत वर्षानुवर्षं गहू-तांदूळच दिसतो. परिणाम असा झाला की ज्या मजूर बाईच्या हाताला शाळू उपटून फोड येतात, तिच्या घरात रेशनचा भात शिजतो, कारण ज्वारी तिला महाग पडते. गरिबाचं धान्य गरिबाच्या आवाक्याबाहेर जावं, ही स्थिती आपण बदलायला हवी.

ती बदलता येते. शेजारच्या कर्नाटकात सरकार नाचणी आणि ज्वारी खरेदी करून, दक्षिणेकडे नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी, अशी रेशनमध्ये देतं. ओडिशाने २०१७ पासून आदिवासी जिल्ह्यांत भरडधान्यांचं अभियान चालवलं. शेतकऱ्यांकडून नाचणी घेऊन ती रेशनवर दिली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू सुरू केले. आपल्याकडेही बियाण्यांची कमतरता नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी नाचणी-वरईपासून भाज्यांपर्यंतची देशी वाणं जपली आणि वाटली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाला. संशोधन केंद्र सोलापुरात आहे, विद्यापीठं राहुरी आणि परभणीला आहेत.

म्हणून या व्यासपीठावरून माझी एक मागणी आहे, आणि सभागृहात बसलेल्या लोकप्रतिनिधींनी आणि अधिकाऱ्यांनी ती टिपून घ्यावी. सगळ्या राज्याचं एकदम ठरत नसेल तर निदान ज्वारी पिकवणाऱ्या तालुक्यांपासून सुरुवात करा. इथली वसतिगृहं, आश्रमशाळा, अंगणवाड्या आणि रेशन दुकानं यांना लागणारी ज्वारी इथल्याच शेतकऱ्यांकडून, पेरणीच्या आधी दर जाहीर करून, घ्या. दाणा द्या, पीठ देऊ नका, म्हणजे गावातली चक्की चालेल आणि पिठाची विरी राहील. वसतिगृहांत भाकरी करण्याचं काम बचत गटांना रीतसर मोबदल्यावर द्या. खरेदीचा दर ठरवताना उपटणीची मजुरी खऱ्या आकड्याने धरा. आणि काढणी यंत्राची चाचणी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर न थांबवता मंगळवेढ्याच्या, करमाळ्याच्या, भूमच्या भारी रानात, मालदांडीच्या उभ्या पिकात, शेतकऱ्यांसमोर घ्या. पेंढीत कडबा किती आला आणि किती मोडला, ते तिथेच काट्यावर मोजून सांगा.